मेलबर्नला जन्मलेला भाचा भारताकडून फुटबॉल खेळू शकेल का?

कळव्याची मावशी

नमस्कार मंडळी. घरात एका विषयावरून जरा ताणाताणी झाली आहे, म्हणून इथे विचारतेय.

माझी धाकटी बहीण लग्नानंतर मेलबर्नला गेली. तिच्या मुलाचा जन्म तिथलाच, आता पंधरा पूर्ण. डावखुरा आहे, लेफ्ट विंगला खेळतो, तिथल्या एका क्लबच्या वयोगटाच्या संघात आहे. शाळेच्या सुट्टीत सगळे इकडे आले होते. जेवताना विषय निघाला ढाक्याच्या सामन्याचा. १८ नोव्हेंबर २०२५ ला आपण बांगलादेशकडून ०-१ हरलो तो. भाचा म्हणाला, "हमझा चौधरी इंग्लंडमध्ये जन्मून बांगलादेशकडून खेळतो, मग मी इंडियाकडून का नाही?"

माझे बाबा तरुणपणी गिरणीच्या संघातून खेळलेले. त्यांना राग आला. म्हणाले, "जन्म तिकडे, शाळा तिकडे, सराव तिकडच्या हिरवळीवर. इथे दगडगोट्यांच्या मैदानात गुडघे फोडून घेणाऱ्या पोराची जागा तू का घ्यायची?" पोरगं ताटावरून उठलं नाही, पण त्यानंतर एक शब्द बोललं नाही. बहिणीला फार लागलं ते.

मला फुटबॉलमधलं फारसं कळत नाही. नियम नक्की काय आहे? तिघांचेही पासपोर्ट ऑस्ट्रेलियाचे. बहीण आणि मेहुणे यांची ओसीआय कार्डं (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळतात ती) आहेत, मुलाचं काढायचं राहिलंय. आणि बाबांचं म्हणणं बरोबर आहे का, तेही सांगा. कोणाच्या बाजूने बोलू ते मला ठरवता येत नाहीये.

स्लो लोकल

ओसीआयवर नाही खेळता येत. भारतीय पासपोर्टच लागतो. मायकेल चोप्रा आठवतोय का? न्यूकॅसलकडून प्रीमियर लीग खेळलेला, वडील भारतीय वंशाचे. भारताकडून खेळायची इच्छा त्याने उघड बोलून दाखवली होती. ब्रिटिश पासपोर्ट सोडावा लागेल म्हटल्यावर विषय तिथेच संपला. शेवटी केरळ ब्लास्टर्सकडून आयएसएल (इंडियन सुपर लीग) खेळला, तेही परदेशी खेळाडू म्हणून.

रंकाळा ते बालेवाडी

ताई, जरा सविस्तर लिहितो. मी मूळचा कोल्हापूरचा, नोकरीमुळे पुण्यात. हा विषय माझ्या जवळचा आहे.

आधी ढाक्याचंच घेऊ. हमझाचा जन्म इंग्लंडमधल्या लफबरोचा, खेळ शिकला लेस्टर सिटीच्या अकादमीत, इंग्लंडच्या २१ वर्षांखालच्या संघातूनही खेळला. आईचं माहेर सिल्हेट भागातलं. बांगलादेशची जर्सी त्याने पहिल्यांदा घातली ती मार्च २०२५ मध्ये, शिलाँगला, आपल्याच विरुद्ध. तो सामना ०-० सुटला. ढाक्याला त्यांनी सुरुवातीलाच गोल केला आणि नंतर आपल्या छांगतेचा गोलमध्ये जाणारा फटका हमझाने डोक्याने बाहेर काढला. तो गेला असता तर बरोबरी होती. बावीस वर्षांनी बांगलादेशने आपल्याला हरवलं.

आता त्याच दौऱ्यातला आपला माणूस बघा. रायन विल्यम्स, जन्म पर्थचा. आई मुंबईच्या अँग्लो-इंडियन कुटुंबातली, आईचे वडील १९५० च्या दशकात संतोष ट्रॉफीत (राज्याराज्यांच्या संघांची स्पर्धा) मुंबईकडून खेळलेले. रायन बंगळुरू एफसीत आला, इथे राहिला, ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व सोडून भारताचा पासपोर्ट घेतला. संघाबरोबर होता, पण ऑस्ट्रेलियाकडून आपल्याकडे बदलीची परवानगी वेळेत हातात पडली नाही, म्हणून खेळता आलं नाही. हमझाने काय सोडलं? काहीच नाही. बांगलादेश ब्रिटिश पासपोर्ट ठेवू देऊन स्वतःचंही नागरिकत्व देतो. आपल्याकडे दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं आपोआप जातं. तुमच्या भाच्याच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर या फरकात आहे.

उरलेलं अर्धं फिफाच्या, म्हणजे फुटबॉलच्या जागतिक संघटनेच्या नियमांत. फिफाच्या दृष्टीने ज्या देशाकडून खेळायचं त्याचं नागरिकत्व हवं, आणि त्या देशाशी खरं नातंही हवं: स्वतःचा जन्म तिथला, किंवा आईवडिलांपैकी एकाचा, किंवा आजीआजोबांपैकी एकाचा. यातलं काहीच नसेल तर तिथे ठरावीक वर्षं राहिलेलं असावं लागतं. भाच्याची आई इथे जन्मली, त्यामुळे नात्याची अट पूर्ण आहे. उद्या तो ऑस्ट्रेलियाच्या कुमार संघातून खेळला तरी दार बंद होत नाही. वयोगटाच्या संघातून एकविशीच्या आत खेळलेल्याला एकदा देश बदलता येतो. २०२० पासून तर मुख्य संघाकडून तीनपर्यंत सामने खेळलेल्यालाही मुभा आहे, पण ते सामने एकविशीच्या आतले हवेत, शेवटच्या सामन्याला तीन वर्षं झालेली हवीत आणि त्यात विश्वचषकाचा किंवा खंडाच्या मुख्य स्पर्धेचा सामना असता कामा नये.

म्हणजे फिफाची अडचण नाही, अडचण पासपोर्टची आहे. २००८ च्या अखेरीस क्रीडा मंत्रालयाने ठरवलं की भारताच्या संघात भारतीय नागरिकच खेळतील. त्याचा फटका आधी टेनिसवाल्यांना बसला होता, अमेरिकेचा नागरिक असलेल्या प्रकाश अमृतराजसारख्यांना. तो नियम आजही तसाच आहे.

आता बाबांचं म्हणणं. त्यांना अराता इझुमीबद्दल सांगा.

अराता जपानच्या शिमोनोसेकीत जन्मला. आई जपानी, वडील गुजराती. २००६ मध्ये ईस्ट बंगालकडून खेळायला इकडे आला, मग मुंबईच्या महिंद्रा युनायटेडमध्ये, आणि २००९ पासून पुणे एफसीत. बालेवाडीला मी त्याला बघायला जायचो. ते स्टेडियम राष्ट्रीय खेळांसाठी बांधलेलं, मैदानाभोवती धावण्याचा ट्रॅक, त्यामुळे स्टँड आणि खेळ यांच्यात भरपूर अंतर. पण प्रेक्षक कमी, मोकळं बसता यायचं, मी ट्रॅकच्या अगदी जवळची जागा धरायचो. तिथून एक गोष्ट दिसायची. पास त्याच्याकडे निघायच्या आत अराताची मान दोन वेळा वळायची, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. चेंडू पायाशी यायच्या आधीच त्याचं अंग अर्धं वळलेलं असायचं, त्यामुळे पहिल्या स्पर्शातच तो पुढे तोंड करून उभा. समोरचा खेळाडू धावत येईपर्यंत चेंडू निघून गेलेला. शेजारी अकादमीतली बारकी पोरं बसायची. त्यांचा कोच त्यांना सांगायचा, चेंडू बघू नका, त्याची मान बघा. त्यातला एखादा तरी आज तसा वळत असेल अशी मला खात्री आहे.

तेव्हा आय-लीगमध्ये (त्या वेळची देशातली मुख्य लीग) त्याची गणना परदेशी खेळाडूत व्हायची. त्याने जपानचा पासपोर्ट परत केला आणि भारताचा नागरिक झाला. जपानचा पासपोर्ट सोडणं काय असतं, हे व्हिसाच्या रांगेत उभं राहिलेल्या कुणालाही विचारा. फेब्रुवारी २०१३ मध्ये कोचीला पॅलेस्टाईनविरुद्ध तो भारताकडून पहिल्यांदा उतरला. वय तीस. मिडफिल्डरची उमेदीची वर्षं क्लबमध्ये परदेशी म्हणून आणि कागदपत्रांत गेलेली. भारताकडून त्याचे दोन आकडी सामनेही झाले नाहीत. पुढे तो नवी मुंबईत रिलायन्स फाउंडेशनच्या अकादमीत कोच झाला, आपल्याच पोरांना शिकवायला. बाबांना विचारा, याने कुणाची जागा घेतली?

कोल्हापुरात आम्ही हे लहानपणापासून बघतोय. शाहू स्टेडियमवर पाटाकडील, दिलबहार, खंडोबा या तालमींचे संघ. तालीम म्हणजे पेठेची अब्रू. तिथेही बाहेरचे खेळाडू येतात, पार आफ्रिकेतून येतात. पहिल्या सामन्याला स्टँडमधून कुरबुर ऐकू येते, "आमच्या गल्लीतलं पोरगं बाहेर बसवलं". मग तोच पाहुणा चिखलात अंग झोकून देतो, आणि सामना संपल्यावर ज्यांनी कुरबुर केली तेच त्याला गाडीवर मागे बसवून मिसळ खायला नेतात. मात्र कुरबुर खोटी नसते. गल्लीतल्या पोराला सरावाला मैदान मिळत नसेल आणि बाहेरच्याला पैसे मिळत असतील, तर राग येणारच. बाबांचा राग तिथला आहे आणि तो मला पटतो. फक्त तो तुमच्या भाच्यावर काढायचा नाही.

मोरोक्कोचं उदाहरण देतो, कारण ते बाबांच्या आणि भाच्याच्या दोघांच्याही बाजूचं आहे. २०२२ च्या विश्वचषकात त्यांच्या २६ पैकी १४ जणांचा जन्म देशाबाहेरचा. हकिमी माद्रिदचा, गोली बुनू माँट्रियालचा, अमराबात हॉलंडचा, कोच रेग्रागुई पॅरिसजवळचा. स्पेनविरुद्ध पेनल्टींवर सामना गेला तेव्हा शेवटची पेनल्टी त्याच माद्रिदच्या हकिमीने मारली, पळत येऊन अलगद मधोमध. त्याचे वडील माद्रिदमध्ये रस्त्यावर माल विकायचे, आई घरकाम करायची. बेल्जियमला हरवल्यावर तो स्टँडकडे आईला भेटायला गेला, तो फोटो तुम्हीही पाहिला असेल. उपांत्यपूर्व फेरीत पोर्तुगालला हरवणारा गोल आठवा. डावीकडून क्रॉस टाकणारा अतियत-अल्लाह मोरोक्कोतल्या साफीचा, हवेत उंच उडून हेड मारणारा एन-नेसिरी फेस शहरातला. एन-नेसिरी, उनाही, अगेर्द हे तिघेही रबातजवळच्या साले इथल्या मोहम्मद सहावे अकादमीत घडलेले. परदेशातून पोरं आली म्हणून त्यांनी घरची पोरं घडवणं थांबवलं नाही. उपांत्य फेरी गाठणारा तो आफ्रिकेतला पहिला संघ.

मधली फळी

दादा, लिहिलंय छान, पण मला हा सगळा शॉर्टकट वाटतो. मलेशियाचं काय झालं ते बघा. जून २०२५ मध्ये व्हिएतनामला ४-० हरवलं. सप्टेंबरमध्ये फिफाने सांगितलं की सात खेळाडूंच्या आजीआजोबांचे जन्मदाखले बनावट होते. मूळ दाखल्यांत ती माणसं अर्जेंटिना, ब्राझील, स्पेन, हॉलंड इथे जन्मलेली निघाली. खेळाडूंवर बारा महिन्यांची बंदी, महासंघाला साडेतीन लाख स्विस फ्रँक दंड. इंडोनेशियाने हॉलंडमध्ये जन्मलेले अर्ध्याहून जास्त खेळवले, ऑक्टोबरमध्ये सौदी आणि इराककडून हरून विश्वचषकाबाहेर. आपल्या महासंघाच्या हातात ही वाट दिली की जिल्हा लीग, शालेय स्पर्धा कोण बघणार? माझ्या तालुक्यात सुब्रतो कपला (शाळांची फुटबॉल स्पर्धा) जायचं तर पीटीचे सर स्वतःच्या खिशातून एसटीचं तिकीट काढतात.

रंकाळा ते बालेवाडी

मलेशियाने केलं ती फसवणूक. खोट्या दाखल्याचा आणि खऱ्या आईचा संबंध जोडू नका. इंडोनेशियाचं म्हणाल तर विश्वचषकाच्या पात्रतेत चौथ्या फेरीपर्यंत ते गेले, आपण त्याआधी दुसऱ्याच फेरीत बाद झालो होतो.

पीटीच्या सरांबद्दल मात्र शंभर टक्के बरोबर. ते तिकीट महासंघाने काढायला हवं, आणि ते काढत नाहीत हे रायन विल्यम्समुळे घडलेलं नाही. तो यायच्या कितीतरी आधीपासून तसंच आहे.

फातोर्ड्याचा स्टँड

आमच्या गोव्यात याच्या बरोबर उलटं चालतं, ते कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

१९ डिसेंबर १९६१ पूर्वी इथे जन्मलेले लोक पोर्तुगालचे नागरिक धरले जातात, आणि त्यांच्या मुलानातवंडांनाही तो हक्क मिळतो. लिस्बनला जन्माची नोंद करायची, मग पासपोर्ट. आमच्या वाड्यावरून किती घरं तशी इंग्लंडमध्ये स्विंडनला आणि साउथॉलला गेली. आमच्याकडे एक राइट बॅक होता, माझ्याच चर्चच्या मैदानावर वाढलेला. सासष्टीतल्या गावोगावच्या स्पर्धा त्याने खेळल्या, पावसात, भाताच्या शेतात पाणी ओसरल्यावर आखलेल्या मैदानांवरसुद्धा. क्लबचे पैसे वेळेवर मिळत नव्हते, घरी बहिणीचं लग्न. पोर्तुगालचा पासपोर्ट घेतला. त्या दिवसापासून तो भारताच्या लेखी परदेशी. आता इंग्लंडमध्ये गोदामात रात्रपाळी करतो आणि रविवारी गोंयकारांच्या लीगमध्ये खेळतो.

जन्म इथला, माती इथली, गुडघे इथेच फुटलेले. मावशीच्या बाबांच्या हिशेबाने तो अस्सल भारतीय. कायद्याच्या हिशेबाने नाही. म्हणून मला जन्मस्थानाचा वाद पटत नाही. ज्याला पोट भरण्यासाठी जावं लागलं त्याला आपण थांबवलं नाही, आणि जो यायला तयार आहे त्याला दारात उभा करून विचारतोय, तू कुठला?

पोल्डरमधला पुणेकर

मी अ‍ॅम्स्टरडॅमला असतो. हकीम झियेश इथल्या द्रोंतेनचा. समुद्र हटवून काढलेल्या जमिनीवरचं छोटं गाव. हॉलंडच्या कुमार संघांतून खेळला आणि २०१५ मध्ये मोरोक्को निवडलं, तेव्हा इथे त्याला बरंच ऐकावं लागलं. माझ्या ऑफिसातले मोरोक्कन वंशाचे सहकारी सांगतात की शाळेत त्यांना लहानपणापासून "तुम्ही कुठले" विचारलं जातं, जन्म इथला असला तरी. २०२२ मध्ये मोरोक्को जिंकला की मर्काटोरप्लाइन चौकात ढोल, गाड्यांचे हॉर्न, आज्या गॅलरीत उभ्या राहून हुलहुल आवाज काढायच्या. त्यांच्यासाठी तो प्रश्न तेवढ्या रात्रीपुरता कुणी विचारत नव्हतं.

आणि कुरासाव विसरू नका. दीड लाखाच्या आसपास वस्तीचं बेट, नोव्हेंबर २०२५ मध्ये जमैकाशी ०-० करून विश्वचषकाला पात्र ठरलं. इतक्या कमी लोकवस्तीचा देश आधी कधीच पोचला नव्हता. संघ जवळजवळ सगळा हॉलंडमध्ये जन्मलेला. बेटावरच्या लोकांनी रात्रभर नाचताना कुणाचा जन्मदाखला पाहिला नाही.

कळव्याची मावशी

सगळ्यांचे मनापासून आभार. संध्याकाळी हे सगळं बाबांना वाचून दाखवलं. अराताचं ऐकून ते बराच वेळ त्याच्याबद्दलच विचारत होते, कुठल्या पायाने खेळायचा, उंची किती. गोव्याच्या मुलाचं ऐकून त्यांना वाईट वाटलं. त्यांचं म्हणणं त्यांनी सोडलेलं नाही, पण भाच्याला फोन लावून दे म्हणाले. दोघं काय बोलले ते मी ऐकलं नाही, बहिणीने सांगितलं की लेफ्ट विंगबद्दलच बोलत होते, डावखुऱ्याने आत कधी वळायचं वगैरे.

रंकाळावाले दादा, एक विचारायचं राहिलं. त्याने खरंच ठरवलं तर आम्ही आत्ता काय करायचं? पंधराव्या वर्षी पासपोर्ट सोड असं कसं सांगणार?

रंकाळा ते बालेवाडी

आत्ता काहीच सोडायचं नाही ताई. सांगूही नका.

करायचं एकच, त्याचं ओसीआय कार्ड काढून टाका, आणि लवकर काढा. कारण असं आहे: ओसीआय असलेल्या सज्ञान माणसाला भारताच्या नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो, पण कार्डाला पाच वर्षं झालेली हवीत आणि अर्जाच्या आधी वर्षभर भारतात राहिलेलं हवं. कार्ड आत्ता निघालं तर तो साधारण विशीत असेल तेव्हा पाच वर्षांची अट पूर्ण होईल. पंचविशीत काढलं तर अराताच्या वयाला जाऊन पोचेल. अराताच्या बाबतीत मला सर्वांत जास्त हळहळ वाटते ती याच वर्षांची. मोरोक्कोचे लोक हॉलंड-फ्रान्समधल्या पंधरा-सोळा वर्षांच्या पोरांच्या घरी जाऊन आईवडिलांशी बोलतात. आपल्याकडे तसं कुणी येईल याची वाट बघू नका, म्हणून हे घरच्यांनी करायचं.

वर्षभर राहण्याचं म्हणाल तर त्या वयात त्याने आयएसएलच्या एखाद्या क्लबशी करार करून इथे यावं, म्हणजे राहणंही होईल आणि खेळणंही. परदेशी खेळाडूंच्या जागा मोजक्या असतात, तेव्हा तेवढा चांगला खेळ त्याला आधी तिकडे करावा लागेल. तोवर ऑस्ट्रेलियाच्या कुमार संघाने बोलावलं तर बिनधास्त खेळू द्या. त्याने वाट बंद होत नाही हे वर लिहिलंच आहे, आणि तिथे मिळणारा सराव इथे मिळायचा नाही.

पासपोर्ट सोडायचा की नाही ते त्याने तेव्हा ठरवावं, इथे वर्षभर राहून, इथल्या मैदानांवर खेळून. नाही म्हणाला तरी त्याला कुणी काही बोलू नये.

कार्डासाठी आईचा जुना, रद्द केलेला भारतीय पासपोर्ट लागेल. तो बहिणीला शोधून ठेवायला सांगा. बहुतेक घरांत नेमका तोच सापडत नाही. पुढच्या सुट्टीत ते आले की मला इथेच निरोप टाका. बालेवाडीला नाहीतर कोल्हापूरला शाहू स्टेडियमवर सामना असला तर बाबांना आणि त्याला दोघांनाही घेऊन या, जागा मी धरतो.